जंगली बदकांचा माग आणि घरट्यांचा अभ्यास: पहिल्या हंगामाआधी वाचायचं मार्गदर्शन

बदकाचं घरटं डोळ्यांआधी कानाला सापडतं. पायाजवळच्या गवतातून फडफडाट होतो, मादी जमिनीलगत उडत जाते, कधी पंख मोडल्याचं सोंग करत पाण्याकडे लंगडते. आपण वाकून पाहतो तर करड्या मऊ पिसांच्या वाटीत फिकट हिरवट अंडी असतात. महिनाभर गवत तुडवल्यावर हे दिसलं की छाती भरून येते. पण त्याच क्षणी अंडी थंड व्हायला लागलेली असतात, आणि आपण आलो ती वाट मोडलेल्या गवतातून आणि वासातून कोल्ह्याला मोकळी झालेली असते.

पदव्युत्तर प्रबंधासाठी बदकांचा माग काढणाऱ्याने ही एक गोष्ट शेवटपर्यंत मनात ठेवावी. आपली प्रत्येक भेट आणि पक्ष्याच्या पाठीवर ठेवलेला प्रत्येक ग्रॅम यांची किंमत तो पक्षी मोजतो. खालचं सगळं ती किंमत कमी ठेवून खरे आकडे कसे मिळवायचे, याबद्दल आहे.

आधी प्रश्न, मग उपकरण

नव्या विद्यार्थ्यांची गाडी बहुतेक वेळा उलट्या दिशेने सुरू होते. प्रयोगशाळेत जीपीएस टॅग (पक्ष्याच्या अंगावर बसवून त्याची जागा टिपणारी छोटी यंत्रं) आहेत, म्हणून जीपीएसचा अभ्यास. त्यापेक्षा एक कोरा कागद घ्या आणि प्रबंधातला मुख्य तक्ता आत्ताच आखा. ओळींत काय असेल, रकान्यांत काय असेल, हे लिहा. ‘दाट गवतातली घरटी विरळ गवतातल्या घरट्यांपेक्षा जास्त टिकतात का?’ हा प्रश्न असेल तर ट्रान्समीटरची गरजच नाही. घरटी शोधून त्यांच्यावर लक्ष ठेवलं की झालं. ‘एक घरटं मोडल्यावर मादी दुसरं कुठे आणि किती दिवसांनी करते?’ हा असेल तर मात्र ती मादी ओळखता आली पाहिजे आणि रोज सापडलीही पाहिजे. ‘वीण संपल्यावर पक्षी कुठल्या पाणथळींवर थांबत जातात?’ यासाठी दूरवरून माहिती पाठवणारा टॅग लागतो.

साधनांचा पल्ला थोडक्यात असा. पायात घालायची धातूची कडी स्वस्त आणि हलकी, पण पक्षी पुन्हा हाती लागला तरच ती बोलते. डेन्मार्कमधले शिक्षक हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी 1899 मध्ये ॲल्युमिनियमच्या क्रमांकित कड्या वापरायला सुरुवात केली. आणि 1930 मध्ये फ्रेडरिक लिंकन यांनी बदकांच्या परत आलेल्या कड्यांवरून एकूण संख्येचा अंदाज काढून दाखवला. कडी जुनी पद्धत आहे म्हणून तिला कमी लेखू नका. व्हीएचएफ रेडिओ टॅग (रेडिओ लहरींवर सतत ठोके पाठवणारा) हलका असतो, पण त्याच्यामागे माणसाला फिरावं लागतं. अर्गोस उपग्रह टॅग जगात कुठूनही कळवतो, पण स्थान ढोबळ देतो: त्याच्या सर्वांत चांगल्या वर्गाची, म्हणजे वर्ग 3 ची, अपेक्षित चूक 250 मीटरच्या आत असते, आणि ए व बी वर्गांना तर चुकीचा अंदाजच जोडलेला नसतो. घरटं शोधायला तो निरुपयोगी. जीपीएस-जीएसएम टॅग काही मीटरांपर्यंत नेमका असतो आणि मोबाईल नेटवर्क मिळालं की साठलेली माहिती पाठवतो. त्याचं सौर पॅनेल पिसांखाली झाकलं गेलं, किंवा मादी दाट झाडोऱ्यात आठवडेच्या आठवडे बसून राहिली, की बॅटरी खाली येते. नेमका तोच काळ आपल्याला हवा असतो.

वजनाचा हिशोब टॅग मागवण्याआधी करा. पट्ट्यांसकट सगळं मिळून शरीराच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत, हा सध्याचा सर्वसाधारण दंडक आहे; जुन्या लेखांत 5 टक्के दिसेल. मॅलार्ड या जंगली बदकाची मादी किलोभर असते, म्हणजे 30 ग्रॅमची मुभा. तीनशे ग्रॅमच्या छोट्या टील बदकाला फक्त 9 ग्रॅम. हा हिशोब त्या जातीच्या सरासरी वजनावर करू नका. हातातल्या, कदाचित उपाशी, हलक्या मादीवर करा.

आणि वजन बसलं म्हणजे सगळं बसलं असंही नाही. पाठीवर पट्ट्यांनी टॅग बांधलेल्या जंगली मॅलार्ड माद्यांवरचा एक अभ्यास 1993 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टॅग नसलेल्या माद्यांच्या तुलनेत त्या कमी खात होत्या, पिसं साफ करण्यात आणि विश्रांतीत जास्त वेळ घालवत होत्या, घरटी उशिरा करत होत्या आणि कमी अंडी देत होत्या. तुमचा प्रश्न विणीचा असेल तर हे वाक्य दोनदा वाचा. ज्या गोष्टीची मोजणी करायची तिलाच उपकरण बदलत असेल, तर पाठीवरचे पट्टे सोडून दुसरा मार्ग शोधायला हवा: त्वचेला टाके घालून बसवायचा छोटा टॅग, किंवा प्रशिक्षित पशुवैद्याने पोटात बसवलेला. दोन्हींना भूल, निर्जंतुक हत्यारं आणि अनुभवी हात लागतात. तेवढी तयारी नसेल तर प्रश्न बदला, यात कमीपणा नाही.

नमुन्याच्या संख्येबद्दल एकच सांगतो. वीस माद्या आणि प्रत्येकीची पाच हजार स्थानं असतील, तर तुमचा नमुना वीसचा आहे, एक लाखाचा नव्हे.

परवानग्या

पक्षी पकडणं, कडी घालणं, टॅग लावणं, घरट्याला हात लावणं, रेडिओ लहरी वापरणं, जमिनीवर पाऊल ठेवणं: बहुतेक देशांत या प्रत्येकाची परवानगी वेगळी असते, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची त्याहून वेगळी. हंगामाच्या वर्षभर आधी अर्ज करा. माझ्या पहिल्या हंगामात एक सही इतकी रखडली की ती हातात आली तेव्हा निम्म्या माद्या अंड्यांवर बसल्या होत्या. उबवणीच्या सुरुवातीला पकडण्यापेक्षा मी ते वर्ष फक्त दुर्बिणीने निरीक्षण करण्यात घालवलं. आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

पकडणं आणि सोडणं

विणीआधी माद्या पकडायला पाळीव बदक आमिष म्हणून ठेवलेला पिंजरा चांगला चालतो, कारण जागेवर हक्क सांगणारी जोडी परक्या बदकावर चालून येते. हिवाळी थव्यांसाठी दाणे टाकलेले सापळे. रात्री दिव्याच्या झोतात होडीतून जाळ्याने पकडण्याची पद्धतही आहे, तिला सराव लागतो. वीण संपल्यावर उडायची पिसं एकदम गळतात आणि तीन-चार आठवडे बदकं उडूच शकत नाहीत. तेव्हा त्यांना हाकून जाळीच्या कुंपणात आणता येतं. घरट्यावरचा सापळा शेवटचा पर्याय समजा, आणि तोही उबवण बरीच पुढे गेल्यावरच. मादीने जितके दिवस गुंतवलेले असतात तितकी ती घरट्याला धरून राहते.

हातात पक्षी असताना गप्पा नकोत. डोळ्यांवर कापड टाका, तो लगेच शांत होतो. एकाने धरायचं, एकाने मापायचं, एकाने लिहायचं. पट्टा बांधल्यावर त्याखाली करंगळी जेमतेम जाते का ते पहा, आणि पट्ट्यात अडकलेलं एकेक पीस बोटाने बाहेर काढून नीट बसवा. बदकाचा कोरडेपणा त्या पिसांच्या घडीवर अवलंबून असतो. घडी विस्कटली की पाणी आत जातं. सोडताना काठावर, पाण्याकडे तोंड करून सोडा. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस पक्षी सावरत असतो, ती स्थानं विश्लेषणात घेऊ नका. किती दिवस वगळणार ते आधीच लिहून ठेवा.

बदकं बर्ड फ्लूचे विषाणू स्वतः आजारी न दिसता वाहू शकतात. हातमोजे, मास्क, दोन जागांमध्ये बूट आणि जाळी निर्जंतुक करणं, हे रोज करायचं. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही.

रेडिओवरून जागा काढणं

व्हीएचएफमध्ये यागी अँटेना (एका दिशेचा आवाज जास्त पकडणारा) फिरवत सर्वांत मोठा आवाज कुठून येतो ते पाहायचं आणि कंपासने दिशाकोन घ्यायचा. कमाल आवाज नेमका कुठे आहे हे कानाला कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना आवाज विरेपर्यंत अँटेना वळवा, ते दोन कोन टिपा आणि त्यांचा मध्य घ्या. वेगवेगळ्या जागांवरून निदान तीन कोन हवेत, एकमेकांना शक्यतो काटकोनाच्या आसपास छेदणारे, आणि पक्षी हलण्याआधी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत घेतलेले. चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला तुमच्या भागातला फरक वजा-बेरीज करायला विसरू नका. सगळा हंगाम एका बाजूला सरकलेला नकाशा असाच तयार होतो.

स्वतःची चूक मोजा. सोबत्याला काही टॅग माहीत असलेल्या जागी, पक्ष्याच्या उंचीवर लपवायला सांगा आणि तुम्ही ते शोधा. समजा तुमच्या कोनात 5 अंशांची चूक निघाली. पाचशे मीटरवरून ती सुमारे 44 मीटर होते, एक किलोमीटरवरून 87 मीटर. आता ठरवा: ज्या अधिवासांची तुलना करायची आहे त्यांचे तुकडे त्याहून मोठे आहेत का? तळ्याकाठची दहा मीटरची बोरूची पट्टी अशा स्थानांवरून कधीच कळणार नाही. विजेच्या तारा, ओला उतार, धातूचं कुंपण यांच्यावरून आवाज परततो. दोन कोन जुळले आणि तिसरा भलतीकडेच गेला तर जागा बदलून पुन्हा घ्या.

वेळापत्रकात रात्र असू द्या. बऱ्याच जातींची बदकं रात्री चरतात. फक्त दिवसा फिरलात तर त्यांची झोपण्याची ठिकाणं कळतील, जेवण्याची नाही.

जीपीएस टॅगमध्ये ‘किती वेळा स्थान घ्यायचं’ हा सारा खेळ आहे. विणीत तासाला एक स्थान पुरतं. स्थलांतराच्या उड्डाणाचा तपशील हवा असेल तर त्याहून पुष्कळ दाट. हिमालय ओलांडणारा चक्रवाक (ब्राह्मणी बदक) 6,800 मीटरपर्यंत चढतो हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळलं, ते पक्ष्यांच्या अंगावरच्या अशाच टॅगमुळे. आलेली माहिती दर आठवड्याला उघडून पहा. एकाच जागी खिळलेलं स्थान म्हणजे उबवणारी मादी, गळून पडलेला टॅग किंवा मृत्यू, आणि यांतलं काय ते फक्त जागेवर जाऊन कळतं. माहिती साठवायला आणि वाटून घ्यायला मूव्हबँक हे मोफत भांडार आहे. संवेदनशील घरट्यांची स्थानं मात्र सर्वांसाठी उघडी ठेवू नका.

घरटं शोधणं

गवताळ जमिनीवर घरटी करणाऱ्या बदकांसाठी उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर रुळलेली पद्धत म्हणजे दोन वाहनांमध्ये साखळी लावलेली तार ताणून गवतावरून ओढायची. मादी उडाली की थांबायचं. वाहन नसेल तर दोघांनी लांब दोर धरून चालायचं, त्याला खुळखुळणारे डबे बांधायचे. शोध सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत ठेवा, कारण तेव्हा मादी घरट्यावर असण्याची शक्यता सर्वाधिक. पहाटे आणि संध्याकाळी ती चरायला उठते. एकच जमीन साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा तपासा, म्हणजे लवकरची आणि उशिराची दोन्ही घरटी सापडतात. आणि फक्त पाण्याकाठी शोधू नका. मॅलार्डचं घरटं पाण्यापासून किलोमीटरभर दूरही असतं. बोरूत तरंगत्या मचाणावर, झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीच्या बिळात घरटं करणाऱ्या जातींना ही पद्धत अर्थातच लागू नाही. चक्रवाक बिळात आणि कपारीत घरटं करतो.

टॅग असलेल्या मादीचं घरटं शोधायला धीर हवा. अंडी घालण्याच्या काळात ती रोज एक अंडं घालते, तेही बहुधा सकाळी. सलग तीन-चार सकाळी आवाज त्याच गवताच्या तुकड्यातून आणि दुपारी तळ्यावरून येत असेल, तर घरटं आहे असं समजा आणि लांबच राहा. या दिवसांत उडवलेली मादी घरटं सोडून देऊ शकते. आवाज दिवसभर तिथूनच यायला लागला की उबवण सुरू झाली. आणखी आठवडाभर थांबा. मग एका सकाळी तीस-चाळीस मीटरवरून वर्तुळात फिरत कोन घेऊन जागा आवळत न्या, खुणेची झाडं टिपा, आणि परत फिरा. संध्याकाळी ती चरायला तळ्यावर गेली आहे हे रेडिओवरून पक्कं झाल्यावर घरट्याकडे जा.

घरट्यावरची काही मिनिटं

सगळं हाताशी तयार ठेवूनच पोहोचा. अंडी मोजा. मग दोन-तीन अंड्यांचं वय काढा. साधन साधंच: अंड्याच्या रुंदीची, हातभर लांबीची काळी नळी. अंड्याचा रुंद भाग नळीच्या टोकाला लावायचा, नळी सूर्याकडे धरायची आणि दुसऱ्या टोकातून पाहायचं. ताजं अंडं एकसारखं उजळ दिसतं, आत पिवळ्या बलकाची धूसर सावली हलते. काही दिवसांत कोळ्यासारखा लाल शिरांचा ठिपका दिसतो. दोन आठवड्यांनंतर अंडं बरंच काळवंडतं, आणि शेवटी रुंद टोकाची हवेची पोकळी तेवढी उजळ राहते. कधी त्या पोकळीत चोच हलताना दिसते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा हात थरथरला होता, आणि अंडं खाली ठेवायला जरा वेळ लागला. ढगाळ दिवशी कोमट पाण्यात अंडं सोडून पाहता येतं: ताजं आडवं तळाशी बसतं, मग हळूहळू उभं होतं, आणि जुनं वर तरंगतं. टवका उडालेलं अंडं पाण्यात घालायचं नाही.

यावरून तारखा निघतात. मॅलार्डचं उदाहरण घेऊ. दहा अंडी आहेत आणि उबवण सहा दिवसांची दिसते. म्हणजे पहिलं अंडं सुमारे सोळा दिवसांपूर्वीचं, आणि उबवण सव्वीस-अठ्ठावीस दिवसांची धरली तर पिलं बाहेर यायला अजून वीस-बावीस दिवस. पुढच्या भेटी सात-दहा दिवसांच्या अंतराने ठेवा, आणि पिलं निघण्याच्या अंदाजी दिवशी जाऊ नका. एक-दोन दिवसांनंतर जा. पिलं अंड्यातून आल्यावर दिवसभरातच आईमागे निघून जातात.

निघताना अंड्यांवर तीच मऊ पिसं अलगद ओढून घ्या, मादी स्वतः उठताना ओढते तशी. ऊबही टिकते आणि कावळ्यापासून अंडी झाकलीही जातात. खुणेची काठी घरट्याजवळ रोवू नका. चार मीटर उत्तरेला, गवताइतकीच उंच, भडक रंगाशिवाय. आलात त्या वाटेने परत न जाता पुढे निघून जा, म्हणजे वासाची वाट घरट्यापाशी संपत नाही. आणि आभाळात कावळे घिरट्या घालत असतील तर जवळ जाऊच नका.

घरट्यात छोटा तापमान नोंदक ठेवला तर मादी कधी उठली, कधी बसली, हे भेटीशिवाय कळतं. मला कॅमेऱ्यापेक्षा तो पसंत आहे, कारण कॅमेरा माणसांच्याही नजरेत भरतो.

काय झालं ते ओळखणं

पिलं निघालेल्या घरट्यात कवचांची रुंद टोकं टोपीसारखी सुटलेली असतात आणि चिवट आतलं पातळ आवरण कवचापासून वेगळं झालेलं असतं. भक्षकाने खाल्लेल्या अंड्यात ते आवरण कवचाला चिकटलेलं असतं, बलकाचे डाग असतात, किंवा अंडी नुसतीच नाहीशी असतात. अंडी पूर्ण, पण थंड आणि दोन भेटींत जशीच्या तशी, तर घरटं सोडलेलं. ते तुमच्या भेटीनंतर लगेच सोडलं असेल तर तसंच लिहा आणि त्याला नैसर्गिक अपयशात धरू नका. कोणता प्राणी होता हे नुसत्या कवचांवरून ठामपणे लिहू नका. खुणा फार सारख्या असतात.

यशाचा आकडा

इथे सर्वांत जास्त प्रबंध चुकतात. समजा तीस घरटी सापडली, त्यांतली बारा नष्ट झाली. यश 60 टक्के? नाही. जी घरटी तुम्हाला सापडण्याआधीच मोडली ती तुमच्या यादीत आलीच नाहीत. हॅरोल्ड मेफील्ड यांनी 1961 मध्ये यावर उपाय दिला: घरटी मोजण्याऐवजी घरट्यांवर लक्ष ठेवलेले दिवस मोजा. तुमची तीस घरटी मिळून 400 दिवस निरीक्षणाखाली होती असं धरू. बारा भागिले 400, म्हणजे रोजचा नाशाचा दर 0.03 आणि रोज टिकण्याचा 0.97. अंडी घालण्याचे नऊ आणि उबवणीचे सव्वीस, असे पस्तीस दिवस घरटं टिकायला हवं. 0.97 चा पस्तिसावा घात सुमारे 0.34. खरं यश 34 टक्के.

आता यासाठी आणखी लवचीक पद्धती आहेत. 2004 मधली शाफर यांची लॉजिस्टिक एक्सपोजर पद्धत किंवा मार्क या संगणक प्रोग्राममधली घरटं-टिकाव मॉडेलं वापरली की गवताची उंची, तारीख, घरट्याचं वय हे सगळं एकत्र तपासता येतं. पण आधी मेफील्डचा हिशोब हाताने करा, म्हणजे मॉडेल भलतंच काही सांगू लागलं तर लगेच लक्षात येईल. तुलनेसाठी: अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या मॅलार्डबद्दल 1985 मध्ये असा निष्कर्ष निघाला की संख्या टिकायला घरट्यांचं यश सुमारे 15 टक्के हवं. मोडल्यावर पुन्हा घरटं करणाऱ्या माद्यांमुळे इतक्या कमी आकड्यावरही भागतं. म्हणून ‘घरट्याचं यश’ आणि ‘मादीचं यश’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

पिलं मोजायची तर पहाटे, लांबून, आडोशाने. उडायला पन्नास-साठ दिवस लागतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक मरतात. दिसली नाहीत म्हणजे मेली असं नाही. बोरूत लपलेलं अख्खं कुटुंब दोनदा निसटून तिसऱ्यांदा दिसतं.

हंगाम संपल्यावर यादी हातात घेऊन रोवलेली प्रत्येक काठी आणि प्रत्येक नोंदक परत आणा, आणि यादीतल्या क्रमांकापुढे खूण करा. माझ्याकडून एकदा दोन काठ्या राहिल्या होत्या. पुढच्या वसंतात त्यांतल्या एकीपासून चार मीटर दक्षिणेला, जुन्याच वाटीच्या शेजारी, नवं घरटं होतं. मी काठी तेवढी उपटली, वाकून पाहिलं नाही, आणि वहीत तारीख आणि वेळ लिहिली.